होडी शाकारताना

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस. मे संपत आला की सातपाटी, अर्नाळा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा सगळ्या बंदरांत एकच धांदल उडते. भरती साधून होड्या वर ओढायच्या, ठोकळे लावून उभ्या करायच्या, इंजिन उतरवायचं, जाळी वाळवून गुंडाळायची आणि शेवटी होडी शाकारायची. वर बांबू-वासे, त्यांवर झाप किंवा ताडपत्री, वरून दोर. कोकणच्या वर्तमानपत्रांत या दिवसांत निळ्या प्लॅस्टिकखाली ओळीने विसावलेल्या होड्यांचा फोटो हटकून येतो. त्या प्लॅस्टिकबद्दल मात्र कोणी काही लिहीत नाही. ते कुठलं होतं, का निवडलं, त्याखाली दोन महिन्यांत काय काय घडलं, हे प्रश्न घराच्या कौलांबद्दल विचारले जातात, होडीबद्दल नाहीत.

उघड्यावर ठेवायच्या होडीवर काय घालावं यावर जगात भरपूर लिहिलं गेलंय, पण ते जवळजवळ सगळं थंड देशांत. कॅनडात, फिनलंडमध्ये, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर होडी शरद ऋतूत पाण्याबाहेर येते आणि वसंतात परत जाते. मधल्या पाच-सहा महिन्यांत तिच्यावर बर्फ पडतो, आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि पाइप, पंप, इंजिनाचे भाग फोडतं. तिथल्या माणसाचं सगळं लक्ष बर्फाच्या वजनावर. आपल्याकडे होडीचा हिवाळा म्हणजे पावसाळा. त्यामुळे तिथला सल्ला आपल्याकडे अर्धा लागू पडतो, आणि उरलेला अर्धा कधी कधी नुकसानच करतो.

त्यात बंगळूरसारख्या शहराचं तिसरंच. इथे समुद्र नाही, पण होड्या आहेत. हलसूरच्या तलावाकाठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचं ठाणं आहे आणि त्यांच्या त्रिष्णा सेलिंग क्लबचे खेळाडू राष्ट्रीय शर्यतींत उतरतात. ‘त्रिष्णा’ हे नाव १९८५ ते १९८७ या काळात लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या मंडळींनी पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या नौकेचं. याखेरीज हौशी लोकांचे कयाक असतात, गच्चीवर किंवा इमारतीच्या वाहनतळात कुठेतरी कोपऱ्यात. आणि गंमत अशी की पठारावर पावसाळा हा होडी झाकायचा नव्हे, तर शीड उभारायचा काळ. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा एकसारखा वाहतो. हैदराबादच्या हुसेनसागरात शिडांच्या मोठ्या शर्यती जुलैत होतात त्या याच वाऱ्यासाठी. मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या त्याच महिन्यांत किनाऱ्यावर पडून असतात आणि गेटवे ते मांडवा या मार्गावरच्या नेहमीच्या लाँचेस बंद असतात. म्हणजे कोकणातली होडी पावसात विश्रांती घेते, बंगळूरची उन्हात. एकाच दुकानातली एकच ताडपत्री दोघांना कशी चालेल?

आधी कोकणाकडे पाहू, कारण तिथला अनुभव जुना आहे.

वर्षातले दहा महिने समुद्राच्या खाऱ्या पाण्यात डुंबणारी लाकडी होडी पावसाच्या चार थेंबांना का घाबरते, असं कोणालाही वाटेल. पण लाकडाला खारं पाणी एका अर्थी मुरवतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही. तिला हवं असतं गोडं पाणी, उबदार हवा आणि वाऱ्याचा अभाव. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. वर गेला की कामाला लागते. म्हणून लाकडी होड्यांची कूज बहुतेक वेळा बुडाकडून न येता वरून येते: फळ्यांच्या सांध्यात, काठाखाली, आडव्या तुळयांच्या टोकांशी, जिथे पावसाचं पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. शाकारणीचं पहिलं काम हे गोडं पाणी अडवण्याचं.

इथवर सोपं आहे. पाणी अडवायला कुठलंही प्लॅस्टिक पुरतं. अवघड भाग पुढे आहे. कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकते. अशा हवेत नुसतं ठेवलेलं लाकूडसुद्धा ओलावा ओढत ओढत १८ ते २० टक्क्यांवर जाऊन थांबतं, म्हणजे नेमकं त्या सीमारेषेवर. हवा खेळती असेल तर ते तिथेच अडखळतं. आच्छादन चारी बाजूंनी घट्ट बांधलं, खाली ओल्या वाळूतून वाफ वर येत राहिली आणि रात्री प्लॅस्टिक थंड झाल्यावर त्याच्या आतल्या अंगाला दव धरून थेंब खाली टपकू लागले, की लाकूड ती रेषा ओलांडतं. बाहेरून एक थेंब आत आला नाही म्हणून मालक निर्धास्त, आणि आत बुरशीचा संसार सुरू. माझं स्पष्ट मत आहे की उघड्यावर ठेवलेल्या होड्यांचं जास्त नुकसान गळक्या आच्छादनांपेक्षा न गळणाऱ्या, पण कोंडणाऱ्या आच्छादनांनी होतं.

हा धडा नवा नाही. ब्रिटिश आरमाराला तो दोनशे वर्षांपूर्वी महागात पडला होता. ‘क्वीन शार्लट’ नावाची त्यांची शंभर तोफांची युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली आणि समुद्रावर कामगिरीला जाण्याआधीच कुजलेली निघाली. ओलं लाकूड, कोंदट पोटं आणि हवा नाही. त्यानंतर राखीव ठेवलेल्या जहाजांवर लाकडी छप्पर उभारायचं आणि आतून वारा वाहता ठेवायचा, या पद्धतीवर भर आला. या इतिहासात मुंबईचा एक धागा आहे. वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली, १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचली आणि तिथे १८४५ पर्यंत राखीव म्हणून नुसती ठेवलेली होती. पाव शतक बसून राहिलेलं हे जहाज आज हार्टलपूलला तरंगतं आहे. श्रेय सागवानाचं मोठं, यात शंका नाही. पण बसून राहिलेल्या जहाजाची निगा हा त्या काळी आरमाराचा स्वतंत्र उद्योग होता, हेही खरं.

आता झापांकडे. माडाच्या झावळ्यांचे (मालवणी मुलखात यांना चुडतं म्हणतात) विणलेले झाप ही या प्रश्नाची जुनी आणि माझ्या मते अजूनही उत्तम सोडवणूक. उतार पुरेसा दिला तर पाणी पातीवरून पातीवर घरंगळत जातं. वाफ मात्र वर निघून जाते. झाप वाऱ्यात फडफडत नाही, काठाला घासत नाही, उन्हाने तापत नाही, आणि हंगाम संपला की चुलीत जातो. त्याच्या उणिवाही उघड आहेत. तो एखादा हंगाम टिकतो, त्यात किडे-उंदीर वस्ती करतात, आगीची भीती असते, आणि पन्नास फुटी ट्रॉलर झाकायला किती झाप लागतील याचा हिशेब केला की माणूस गप्पच ताडपत्रीच्या दुकानात जातो. शिवाय विणायचं कोणी? ते हात गावात कमी होत गेले. लहान होडीसाठी मात्र खाली प्लॅस्टिक आणि वर झाप ही जोडी फार शहाणपणाची. प्लॅस्टिक पाणी अडवतं आणि झाप त्या प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवतो, शिवाय वजनाने दाबून धरतो.

बाजारात ‘ताडपत्री’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू मिळतात. पूर्वीची ताडपत्री म्हणजे मेण किंवा तेल चढवलेलं जाड सुती कापड. भिजलं की धागे फुगून भोकं मिटतात, कोरडं झालं की पुन्हा श्वास घेतं. तत्त्व सुरेख, पण कोकणच्या दमट हवेत ते स्वतःच बुरशीला बळी पडतं, आणि ओलं असताना उचलायला चार माणसं लागतात. दुसरी, आता सर्वत्र दिसणारी, पॉलिथिनच्या पट्ट्या विणून दोन्हीकडून थर दिलेली निळी-पिवळी ताडपत्री. हिच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ७९०३ हे मानक आहे. विकत घेताना त्याची खूण शोधावी. तिसरी, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सिलपॉलिन’ म्हणून बसलेली. ते सुप्रीम इंडस्ट्रीजचं व्यापारी नाव. तिच्यात वीण नसते. वेगवेगळ्या दिशांना ताणलेले पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात, त्यामुळे फाटायला लागली तरी फाट सरळ पळत नाही. चौथी ट्रकवाल्यांची, पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेली. जड, महाग, घासणीला चिवट आणि वर्षानुवर्षं टिकणारी. मोठ्या होडीला हीच परवडते, पहिल्या वर्षी तसं वाटत नसलं तरी.

विणलेली पॉलिथिन ताडपत्री घेताना फसवणूक होते ती जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनावर. दुकानदार २०० सांगतो, हातात पडते १२०ची. यावर उपाय तराजूचा. १२ बाय १८ फुटांची ताडपत्री साधारण २० चौरस मीटर भरते. २०० जीएसएमची असेल तर तिचं वजन ४ किलो हवं. अडीच किलो भरलं, तर तिचा जीएसएम १२५, मग लेबलावर काहीही छापलेलं असो. बहुतेक दुकानात काटा असतो. नसेल तर किराणावाल्याकडे असतो.

परदेशात ज्याचा बोलबाला आहे ते कापड वेगळं. ॲक्रिलिकच्या धाग्यात रंग आधीच मिसळून मग विणलेलं, ‘सनब्रेला’ या नावाने १९६१ पासून विकलं जाणारं. ते उन्हाला अनेक वर्षं तोंड देतं, पाणी झटकतं आणि वाफ बाहेर सोडतं, म्हणजे झापाचेच गुण, पण घडी घालून ठेवता येणारे. घासणीला मात्र ते नाजूक. डोलकाठीचं टोक, खिट्टी, काठाची कड जिथे टेकते तिथे आतून जाड तुकडा शिवावाच लागतो. आपल्याकडे ते आयात होतं आणि किंमत ऐकून होडीच झाकू नये असं वाटतं. शिवाय सपाट ठेवलं आणि वर पाणी साचलं तर हळूहळू झिरपतंच. धो धो पावसात हे कापड एकटं पुरे पडेल असं मला वाटत नाही. पठारावरच्या कोरड्या महिन्यांसाठी ते उत्तम.

कापडावर इतका खल करणारे लोक दोऱ्याचा विचार करत नाहीत. शिवलेलं आच्छादन उन्हात ठेवलं तर कापडाआधी शिवण जाते, कारण साधा बारीक पॉलिएस्टर दोरा उन्हापुढे पटकन हार मानतो. बंगळूरच्या जे. सी. रोडवर गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे कारागीर होडीचंही आच्छादन मापाबरहुकूम शिवून देतील, हात त्यांचा चांगला आहे. पण दोरा कुठला वापरणार, हे विचारून घ्यावं आणि जाड बाँडेड पॉलिएस्टरचा आग्रह धरावा. उन्हात अजिबात न कुजणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोराही असतो. तो इथे मिळवणं कटकटीचं आहे, पण आच्छादन दहा वर्षं वापरायचं असेल तर कटकट करावी.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कबूल करायला हवं की कापडाची निवड हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न ते कशावर टेकवलंय हा.

पाण्याचं एक साधं गणित आहे. आच्छादनात एक चौरस मीटरच्या खोलग्यात दहा सेंटिमीटर पाणी साचलं की तिथे शंभर किलो वजन झालं. बर्फाळ देशांत एक फूट ओल्या बर्फाचं वजन जवळपास एवढंच भरतं. थंड देशांतला होडीवाला बर्फ सरकून जावा म्हणून तीस-चाळीस अंशांचा उतार देतो, मध्ये उंच आडं घालतो, दर हात-दीड हातावर कमानी लावतो. कोकणात एका दिवसात शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस ही बातमीसुद्धा होत नाही. तरी आपण ताडपत्री काठावरून काठावर सपाट ताणतो आणि म्हणतो, पाणी काय, वाहून जाईल. ते वाहत नाही. आधी बोटभर खोलगा होतो, त्यात पाणी साठतं, त्या वजनाने तो वाढतो, आणि आषाढातल्या एखाद्या रात्री कड्या फाटून सगळं पाणी एकदम होडीत. म्हणून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक उंच आडं, बांबूचं किंवा पाइपचं, आणि त्यावरून दोन्हीकडे तीव्र उतार, हे आधी. आड्याच्या टोकांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले की कापड भोसकत नाही. प्लंबरच्या दुकानातले पीव्हीसी पाइप वाकवून झकास कमानी होतात. मात्र ते उन्हात ठिसूळ होतात, म्हणून दर वर्षी हाताने वाकवून पाहावे.

दोन्ही टोकांना त्रिकोणी तोंडं उघडी ठेवायची. वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघाला पाहिजे. पावसाची तिरपी झड आत येईल अशी शंका येते. ती थोडी येईलही. कोकणातल्या घराच्या पडवीला झडीसाठी बाहेरून आडोसा बांधतात तसा तोंडापुढे हातभर पुढे काढून लहान आडोसा बांधला की झालं. आणि आत आलेल्या पाण्यासाठी होडीच्या बुडाचं बूच काढून ठेवायचं, नाळ थोडी उंच आणि मागची बाजू खाली अशी तिला बसवायची. कुठलंही आच्छादन कधी ना कधी गळणार हे धरून चाललं पाहिजे. गळलेलं पाणी कुठे जाणार हे ठरवून ठेवलं असेल तर गळण्याची भीती उरत नाही.

फायबरच्या होड्या आल्यावर अनेकांना वाटलं की आता हे सगळं संपलं, फायबर काही कुजत नाही. कुजत नाही हे खरं. पण फायबरच्या वरच्या चकचकीत थरातून पाणी हळूहळू आत झिरपतं आणि आतल्या थरांत फोड उठतात, आणि हे गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षा जास्त होतं. म्हणजे पावसाळाभर पोटात गोडं पाणी घेऊन बसलेली फायबरची होडी समुद्रातल्या होडीपेक्षा लवकर म्हातारी होते. शिवाय तिच्या आत अनेकदा लाकडी किंवा प्लायवुडच्या पट्ट्या गाडलेल्या असतात, आणि तिथे स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की लाकडाचीच गोष्ट पुन्हा सुरू.

वाऱ्याचा प्रश्न २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी कोकणाला नीट शिकवला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, होड्या वर ओढायच्या त्याच दिवसांत. पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते किनारा घासत उत्तरेला गेलं. ताशी शंभर किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलोचा दाब देतो. वीस चौरस मीटरच्या ताडपत्रीवर तो जवळजवळ एक टन होतो. एवढा जोर कडेच्या पितळी कड्यांवर टाकला तर कड्या उपटल्या जाणारच. दोर कड्यांतून ओवून थांबू नये. तो आच्छादनावरून, होडीच्या बुडाखालून घेऊन पूर्ण वेढा घालून बांधावा. त्याहून बरं म्हणजे वरून जुनं जाळं पसरायचं आणि जाळ्याला दोर बांधायचे. भार एका जागी येत नाही आणि कापड फडफडत नाही. फडफड ही फार मोठी वैरीण. ताडपत्री पावसाने झिजते त्याच्या कितीतरी पट जास्त स्वतःच्याच फडफडण्याने. दोर वाळूतल्या खुंट्यांना बांधले तर भिजल्या वाळूतून खुंटे निसटतात, म्हणून होडीलाच वेढे घातलेले बरे. मग होडी हलेल तेव्हा आच्छादनही तिच्यासोबत हलेल.

आता बंगळूर. हवा थंड म्हणून ऊन सौम्य, हा इथल्या लोकांचा गोड गैरसमज. हे शहर तेरा अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. एक किलोमीटर चढलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीच्या सर्वांत वरच्या गटात. गच्चीवरच्या निळ्या ताडपत्रीची जेमतेम दोन उन्हाळ्यांत भुकटी व्हायला लागते. झाडल्यावर निळे कण उडतात, ते थेट गटारात आणि तलावात जातात. इथे काळ्या रंगाची ताडपत्री जास्त टिकते, कारण तिच्यातली काजळी ही अतिनील किरणांविरुद्धची सर्वांत स्वस्त ढाल आहे. पण काळं कापड तापतं. कयाक पॉलिथिनचा असेल तर त्या तापाने त्याच्या बुडाला कायमचा खळगा पडू शकतो, विशेषतः तो दोनच टेकूंवर ठेवलेला असेल तर. चंदेरी किंवा पांढरा थर बाहेरून आणि काळा आतून अशी ताडपत्री मिळाली तर सोनं.

पण बंगळूरच्या डिसेंबर ते मे या महिन्यांसाठी माझी पसंती ताडपत्रीला नाहीच. शेतकऱ्यांच्या दुकानातलं हिरवं किंवा काळं शेडनेट, ७५ ते ९० टक्के सावली देणारं, होडीपासून हातभर वर ताणायचं. ऊन अडतं, वारा खेळतो, तापलेली हवा वर निघून जाते. पावसाच्या महिन्यांत त्याखाली उतार देऊन ताडपत्री. दोन थरांमधली मोकळी जागा हीच खरी सावली. इथला पाऊस कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो सप्टेंबर-ऑक्टोबरला जोर धरतो, आणि एप्रिल-मेच्या वळवाबरोबर गारा आणि झाडं उन्मळवणारा वारा येतो. म्हणजे कोकणात आच्छादनाची परीक्षा दोन महिन्यांत उरकते, बंगळुरात ती हप्त्याहप्त्याने वर्षभर चालते.

साचलेल्या पाण्याचा इथे आणखी एक अर्थ आहे. ताडपत्रीच्या खोलग्यातल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्यांसाठी दंड ठरवला. सोसायटीच्या आवारात होडी ठेवायची परवानगी मिळवणं मुळातच अवघड. त्यात तिच्या आच्छादनात अळ्या सापडल्या तर सचिवसाहेबांपुढे तोंड दाखवायला जागा उरत नाही.

लहान होडीच्या बाबतीत मात्र या सगळ्या चर्चेला एक जुनं उत्तर आहे: होडी पालथी घाला. ऑप्टिमिस्ट नावाची मुलांची शिडाची होडी जेमतेम अडीच मीटरची, पस्तीस किलोची. दोन माणसं सहज उलटवतात. पालथी होडी स्वतःच छप्पर होते. ठोकळ्यांवर जमिनीपासून वीतभर उचलून ठेवली तर खालून वारा मिळतो, वाळवी दिसते आणि पाणी साचायला जागाच राहत नाही. हे कावेरीवरच्या नावाड्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. होगेनक्कलला काय, तुंगभद्रेवर हंपीला काय, बांबूच्या टोपलीसारखे गोल हरिगोलू, ज्यांना तेप्पाही म्हणतात, काठावर पालथे घातलेले दिसतात. बुडाला डांबर आणि प्लॅस्टिक लावलेलं असतं, ते वर येतं. उन्हाने डांबर मऊ होतं हा तोटा, म्हणून झाडाखाली ठेवायचं. एवढं साधं असूनही शहरी होडीमालक महागडं आच्छादन आणतो आणि होडी उताणीच ठेवतो, कारण पालथी होडी दिसायला गरीब दिसते असा माझा संशय आहे.

परदेशातून एक पद्धत अधूनमधून आपल्याकडे डोकावते: होडीवर पॉलिथिनची जाड फिल्म टाकून गॅसच्या झोताने ती आकसवून अंगाबरोबर चिकटवायची. बर्फाळ हिवाळ्यासाठी ती चांगली आहे. फिल्म ढोलासारखी ताणली जाते, बर्फ घसरतो, फडफड होत नाही. तिथेही तिला हवा जायला झरोके चिकटवावे लागतात. पण ती एकदाच वापरायची, वसंतात फाडून टाकायची. आपल्या हवेत तिच्या आत एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैत आंघोळीची खोली तयार होईल. होडी लांबच्या प्रवासाला ट्रकवर चढवायची असेल तर वापरावी, एरवी तिच्या नादी लागू नये.

पूर-बचावाच्या रबरी होड्यांचा प्रश्न या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना होड्यांची किंमत कळली. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतच्या वसाहतींतही हवा भरायच्या होड्या आणि ट्रॅक्टर फिरले. या होड्या वर्षातले दहा-अकरा महिने नुसत्या पडून असतात, म्हणजे त्यांचं आयुष्य पाण्यात कमी आणि आच्छादनाखालीच जास्त जातं. पीव्हीसीच्या होडीचे सांधे चिकटवलेले किंवा वितळवून जोडलेले असतात आणि उष्णतेने तेच आधी सुटतात. हायपॅलॉन या कृत्रिम रबराची होडी उन्हाला जास्त सोसते, किंमतही तशीच. कुठलीही असली तरी पत्र्याच्या शेडमध्ये, छताला जवळजवळ टेकलेल्या मंचावर, काळ्या ताडपत्रीत करकचून बांधलेली होडी मे महिन्यात शिजते. तिला सावलीत, जमिनीपासून उचलून, अर्धवट हवा ठेवून, आत टाल्कम पावडर मारून सैल सुती कापडाखाली ठेवावं. घडी घालायचीच असेल तर दर वेळी वेगळ्या जागी घालावी, नाहीतर त्याच घडीवर ती फाटते. उंदरांसाठी खाली पत्र्याचा मंच बरा. आणि १५ मेच्या आत ती बाहेर काढून पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवावी. सकाळी नळ्या दाबून पाहिलं की कुठला सांधा हवा सोडतोय ते कळतं, आणि डिंक लावून वाळवायला अजून तीन आठवडे हातात असतात.